सूत्रधाराचे कान

मैफलीत गाणाऱ्या गवयाला आपले गाणे रंगते आहे की नाही, हे कोणाला विचारावे लागत नाही. समेवर हलणाऱ्या माना, नकळत बाहेर पडणारी वाहवा, किंवा मागच्या रांगेत सुरू झालेली कुजबुज यांतून त्याला सारे कळते. कीर्तनकाराचेही तसेच. पूर्वरंगात श्रोते पेंगू लागले, की जाणता कीर्तनकार निरूपण आटोपते घेऊन आख्यानाला हात घालतो. ग्रंथकाराला मात्र वाचकाचा अभिप्राय उशिरा मिळतो. तो हाती येईपर्यंत पुस्तक छापून झालेले असते. या दोहोंच्या मधली जागा ज्याच्या वाट्याला आली आहे, अशा एका माणसाचा विचार येथे करावयाचा आहे. तो गवई नव्हे, लेखक नव्हे आणि नटही नव्हे. तरी त्याच्या कामात या तिघांचाही थोडाथोडा अंश आहे. मेजाभोवती बसून खेळावयाच्या भूमिका-खेळाचा तो सूत्रधार होय.

हा खेळ ज्यांच्या पाहण्यात आलेला नाही, त्यांच्यासाठी त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. चार-पाच मित्र एका मेजाभोवती बसतात. प्रत्येकाने एकेक पात्र घेतलेले असते. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चलाख चोर. एक जण मात्र असे पात्र घेत नाही. तो त्या पात्रांभोवतीचे जग उभे करतो. ‘तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या दरवाज्याशी उभे आहात, आतून धुराचा वास येतो आहे, आता काय कराल?’ असे तो विचारतो. खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात, आणि ज्या कृतीचे फळ अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. बुद्धिबळातल्यासारखी हार-जीत येथे नसते. एकच कथा आठवड्यामागून आठवडे, कधीकधी वर्षानुवर्षे चालते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या जातीचा पहिला छापील खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि आज आपल्याकडे पुण्या-मुंबईतील तरुण मंडळीही तो खेळताना दिसतात.

या सूत्रधाराची अडचण अशी, की त्याचे श्रोते हेच त्याचे नट असतात, आणि बहुधा तेच त्याचे मित्रही असतात. आठवडाभर रात्री जागून त्याने किल्ल्याचा नकाशा काढलेला असतो, तळघरातील रहस्य योजलेले असते. आणि बैठक संपल्यावर कपड्यांवरची धूळ झटकावी तितक्या सहजपणे एखादा खेळाडू म्हणतो, ‘आज काही मजा आली नाही.’ या शब्दांचे सूत्रधाराने काय करावे? ते मनावर घेऊन सारा बेत मोडावा, की कानांआड करून आपलेच खरे करावे? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु या खेळाची आजवरची घडण पाहिली, तर ती पुष्कळशी याच प्रश्नाच्या उत्तरांतून झाली आहे, असे दिसून येते.

या खेळाचे मूळ रणांगणाच्या अभ्यासात आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील फॉन राइस्वित्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने ‘क्रीगश्पील’, म्हणजे युद्धखेळ, नियमांसह प्रसिद्ध केला. मोठ्या प्रमाणावर काढलेला प्रदेशाचा नकाशा, त्यावर पलटणी दाखविणारे लहान ठोकळे, दोन पक्ष आणि मध्ये एक पंच, अशी त्याची मांडणी होती. दोन्ही पक्षांनी आपले हुकूम पंचाकडे द्यावयाचे. पंचाने फासे टाकून आणि कोष्टके पाहून कोणाची किती हानी झाली ते ठरवावयाचे. खेळ सैन्याला मानवला. पण पुढे अधिकाऱ्यांची कुरकुर ऐकू येऊ लागली, की कोष्टकांचा भार फार झाला आहे, आणि प्रत्यक्ष लढाईत निर्णयाला लागणारा वेळ आकडेमोडीतच निघून जातो. १८७३ साली मेकेल या अधिकाऱ्याने या दोषांची छापील चिकित्सा केली. १८७६ साली व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने तर कोष्टके आणि फासे बाजूलाच ठेवावेत, पंचाने स्वतःच्या अनुभवाने निकाल द्यावा, असा मार्ग सुचविला.

खेळणाऱ्यांची तक्रार अशा रीतीने दूर झाली खरी. परंतु तिच्या जागी दुसरी येऊन बसली. सारे काही पंचाच्या अनुभवावर सोपविले, की पंचाची लहर आणि पंचाचा अनुभव यांतील सीमारेषा कोणी आखावयाची? नियमांचा जाच गेला, तेव्हा न्यायाची शाश्वतीही थोडी डळमळली. या जुन्या वादातून एक गोष्ट तेव्हाच ध्यानात यावयास हवी होती. तक्रार खरी असते, म्हणून तिच्यावर सुचलेला पहिला उपायही खराच असतो, असे नाही.

हा युद्धखेळ पुढे अमेरिकेत गेला. टॉटन नावाच्या एका अमेरिकन सैनिकी अधिकाऱ्याने १८८० साली ‘स्ट्रॅटेगोस’ हा ग्रंथ लिहिला. त्यात पंचाला मोठा अधिकार दिला होता; नियमांत नसलेली गोष्टही खेळाडूला करून पाहता यावी आणि तिचा निकाल पंचाने द्यावा, असा त्यातील विचार होता. सुमारे नव्वद वर्षांनी मिनेसोटा राज्यातील डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती हे पुस्तक पडले. मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत लुटुपुटीच्या लढाया खेळणाऱ्या हौशी मंडळींचा एक मेळा होता; वेस्ली त्यांतला एक. १९६९च्या सुमारास त्याने ‘ब्राउनश्टाइन’ नावाच्या एका कल्पित प्रशियन गावाचा खेळ मांडला. काळ नेपोलियनचा, दोन सैन्ये गावाच्या दिशेने येत आहेत. सेनापती दोनच असावयाचे, पण खेळावयास मंडळी पुष्कळ. म्हणून वेस्लीने उरलेल्यांना गावातील माणसांच्या भूमिका वाटून दिल्या. कोणी नगराध्यक्ष झाला, कोणी विद्यापीठाचा कुलगुरू.

एकेकाने आपल्याकडे येऊन हुकूम द्यावा, अशी वेस्लीची योजना होती. घडले भलतेच. मंडळी त्याची वाट न पाहता आपापसातच बोलू लागली, कट शिजवू लागली. दोघांनी परस्पर द्वंद्वयुद्ध ठरविले आणि त्याचा निकाल मागण्यासाठी ते वेस्लीपुढे येऊन उभे राहिले. द्वंद्वाचा नियम त्याच्याजवळ नव्हता. त्याने तो उभ्याउभ्याच रचला. सैन्ये गावापर्यंत पोहोचलीच नाहीत आणि रात्र संपली. आपला प्रयोग सपशेल फसला, असे मानून वेस्ली खिन्न झाला. परंतु खेळाडूंनी येऊन विचारले, की असा खेळ पुन्हा कधी मांडणार?

सूत्रधाराच्या दृष्टीने हा प्रसंग मोठा उद्बोधक आहे. वेस्लीने आपल्या बेताशी ताडून पाहिले, आणि बेत मोडला म्हणून खेळही मोडला, असे त्याला वाटले. खेळाडूंना बेताची कल्पनाच नव्हती. त्यांनी केवळ मिळालेला आनंद मोजला. तरीही पुढच्या प्रयोगांत वेस्लीने, हा गोंधळ पुन्हा होऊ नये म्हणून, लगाम आखडून धरले. आणि त्या खेळांना पहिल्याची रंगत आली नाही. मग त्याने लॅटिन अमेरिकेतील एका कल्पित, क्रांतीच्या उंबरठ्यावरील देशाचा खेळ रचला आणि खेळाडूंना मोकळे सोडले. त्यात डेव्ह आर्नेसन नावाचा तरुण विद्यार्थी-क्रांतिकारकाच्या भूमिकेत होता. आपण वस्तुतः अमेरिकन गुप्तहेर आहोत, असे त्याने बनावट ओळखपत्र दाखवून इतरांना पटविले आणि साऱ्यांवर मात केली. असे ओळखपत्र कोणत्याही नियमात बसत नव्हते. ते चालू देणे, हेच वेस्लीचे खेळाडूंना दिलेले उत्तर होते.

याच आर्नेसनने १९७१ मध्ये ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक मध्ययुगीन प्रदेशात आपला स्वतःचा खेळ सुरू केला. आरंभी तो लढाईचे जे नियम वापरीत असे, ते सैन्यांच्या लढाईसाठी केलेले होते. सैन्याच्या लढाईत एक घाव, एक मृत्यू, हा हिशेब चालतो. शंभरांतला एक शिपाई पडला, तर खेळाडूला त्याचे सुतक येत नाही. पण येथे एका खेळाडूचे एकच पात्र होते. त्याला त्याने नाव दिले होते, चार रात्री त्याच्या वतीने तो बोलला होता. ते पात्र फाशाच्या एका दानासरशी मरावे, हे खेळाडूंना सोसेना. आर्नेसनने पुढे एका मुलाखतीत मिस्किलपणे सांगितले आहे, की आपण राक्षसाला एका घावात मारले तर त्यांची काही हरकत नव्हती. राक्षसाने मात्र आपल्याला एका घावात मारू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

आर्नेसनने या मागणीचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. मागणी जशीच्या तशी मान्य केली असती, तर पात्रे अमर आणि राक्षस मातीचे झाले असते, आणि खेळातील भय संपताच खेळही संपला असता. मागणी अन्यायाची म्हणून धुडकावली असती, तर मंडळी एकेक करून उठून गेली असती. त्याने तिसरीच गोष्ट केली. अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती जहाजांच्या लढाईसाठी त्याने पूर्वी नियम रचले होते. जहाज एका गोळ्याने बुडत नाही. ते किती मार सोसू शकेल याचा आकडा ठरलेला असतो आणि प्रत्येक तडाख्यासरशी तो उतरत जातो. हाच हिशेब त्याने माणसाला लावला. ‘हिट पॉइंट’ म्हणून आज जगभर ओळखली जाणारी प्राणबळाची मोजणी या खेळात आली ती अशी. विशेष हे, की ती पात्रांप्रमाणे राक्षसांनाही लागू झाली. खेळाडूंनी एकतर्फी सवलत मागितली होती; त्यांना मिळाली ती दोन्ही बाजूंना सारखी असणारी, पण धोक्याची चाहूल आधी देणारी अशी एक नवी व्यवस्था. आता जखमी पात्राला माघार घेता येत होती, मदत मागता येत होती, किंवा जाणूनबुजून प्राण पणाला लावता येत होते. पुढे आर्नेसनने आपला खेळ विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स यांना दाखविला, आणि त्या दोघांच्या नावाने १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १००० प्रतींची पहिली आवृत्ती बाहेर पडली. मृत्यूविषयीच्या त्या कुरबुरीचा ठसा तिच्यावर स्पष्ट होता.

या साऱ्या इतिहासाचे सार एका साध्या वाक्यात सांगता येईल. कोठे दुखते, हे रोग्यालाच ठाऊक असते. औषध कोणते, हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. खेळाडू ‘मजा आली नाही’ म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नाही. त्याच्या अनुभवाविषयी त्याच्याइतका अधिकारी दुसरा कोणी नाही. पण त्यापुढे जाऊन तो ‘मला आणखी मोठी तलवार द्या’ असे म्हणू लागला, की सूत्रधाराने क्षणभर थांबावे. ती तलवार हे दुखणे नव्हे. ते रोग्याने स्वतःच लिहून घेतलेले औषध आहे.

एक उदाहरण घ्यावे. समजा, पाच मित्र दर शनिवारी जमतात, आणि त्यांच्यापैकी तिघे तक्रार करतात, की लढाया फार लांबतात. सूत्रधार घाईने लढायाच कमी करतो, तर पुढच्या शनिवारी तिघांपैकी दोघे अधिकच हिरमुसले होतात. शांतपणे चौकशी केली असता असे आढळते, की पहिल्याला लढाई प्रिय आहे, पण त्याची पाळी पंधरा मिनिटांनी येते, आणि तोवर त्याला हात बांधून बसावे लागते. दुसऱ्याची तक्रार अशी, की शत्रू नेहमी शेवटच्या माणसापर्यंत लढतो; पळत नाही, शरण येत नाही. निकाल कळून चुकल्यावरही अर्धा तास फासे टाकीत बसावे लागते. तिसऱ्याला मात्र खरोखरच लढाई नको आहे. त्याला गावच्या पाटलाशी वाटाघाटी करण्यात रस आहे. शब्द एकच होते, पण दुखणी तीन होती, आणि तिन्हींची औषधेही वेगळी. पाळ्या चटपटीत करणे, हरलेल्या शत्रूला पळू देणे, आणि प्रत्येक बैठकीत एक तरी प्रसंग तलवारीवाचून सुटेल असा ठेवणे.

खेळाडूंच्या अभिरुची अशा निरनिराळ्या असतात, याची दखल जाणकारांनी फार पूर्वीच घेतली आहे. ग्लेन ब्लॅको या अमेरिकन लेखकाने १९८० सालच्या एका लेखात खेळण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या होत्या. कोणी पात्राशी एकरूप होण्यासाठी खेळतो, कोणी कथेसाठी, कोणी पात्राचे सामर्थ्य वाढविण्यासाठी, तर कोणी डावपेचांच्या आनंदासाठी. एकाच मेजाशी या चारही तऱ्हा बसलेल्या असतात. म्हणून अभिप्राय ऐकताना तो कोणाच्या तोंडून येतो आहे, हेही सूत्रधाराने ऐकावयाचे असते.

मग हा अभिप्राय मिळवावा कसा? अनुभवी मंडळींनी यासाठी काही रीती पाडल्या आहेत. पहिली रीत म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वीची बैठक. तिला ते ‘शून्य बैठक’ म्हणतात. तीत फासे पडत नाहीत. कथा भयाची असावी की विनोदाची, पात्रे मरू शकतील की नाही, कोणते विषय कोणाला नकोत, यांची चर्चा होते. पुढच्या तक्रारींपैकी पुष्कळशा येथेच मिटतात. कारण पुष्कळ तक्रारींचे मूळ दोषात नसून अपेक्षांच्या विसंगतीत असते. दुसरी रीत बैठकीच्या शेवटची. ‘खेळ कसा झाला?’ असे विचारले, तर सभ्य माणूस ‘छान’ म्हणतो आणि चपला घालू लागतो. त्याऐवजी प्रत्येकाला दोन गोष्टी विचारतात. आज कोणत्या क्षणी सर्वांत अधिक आनंद झाला, आणि पुढे काय घडलेले पाहावयास आवडेल? पहिल्या प्रश्नाने इतरांच्या खेळाचे कौतुक करण्याची संधी मिळते. दुसऱ्यात तक्रारही इच्छेचे वस्त्र लेवून येते, त्यामुळे ती कोणाला बोचत नाही. तिसरी रीत नियमांच्या वादाविषयीची. खेळ चालू असताना वाद निघाला, की सूत्रधाराने तेवढ्यापुरता निर्णय द्यावा, खेळ पुढे न्यावा, आणि बैठकीनंतर पुस्तक उघडून शांतपणे फेरविचार करावा. चूक आढळल्यास ती पुढच्या वेळी सर्वांसमक्ष मान्य करावी. अशा कबुलीने सूत्रधाराचा मान कमी होत नाही.

याहून नाजूक अशीही एक बाब आहे. काही दुःखे बैठकीच्या शेवटापर्यंत थांबू शकत नाहीत. कथेत एखादे मूल बुडते, आणि मेजाशी बसलेल्या एखाद्याच्या घरी तसे खरोखर घडलेले असते. अशा वेळी कारण सांगणे हीच शिक्षा ठरते. यासाठी जॉन स्टाव्रोपुलोस या अमेरिकन गृहस्थाने एक साधी युक्ती काढली. फुली काढलेले एक कागदाचे पान मेजाच्या मध्यभागी ठेवावयाचे. कोणी त्यावर बोट टेकविले, की चालू प्रसंग तेथेच वगळावयाचा किंवा बदलावयाचा. कारण कोणी विचारावयाचे नाही. ज्या अभिप्रायाला शब्द नाहीत, त्यालाही मेजावर जागा असावी, हा त्यामागचा विचार आहे.

आणि तरीही सर्वांत महत्त्वाचा अभिप्राय बहुधा असाच, शब्दांवाचून येतो. जो खेळाडू पूर्वी पुढे झुकून बसे, तो आता खुर्चीत मागे रेलतो. आपली पाळी आली हे त्याला आठवण करून द्यावे लागते. मग एके शनिवारी निरोप येतो, ‘आज जमणार नाही,’ आणि पुढच्या शनिवारी निरोपही येत नाही. कथेतील राक्षसांनी जितके खेळ संपविले नसतील, तितके या मुक्या अनुपस्थितीने संपविले आहेत. अशा माणसाला चारचौघांत ‘तुला काय झाले?’ असे विचारू नये. तो ‘काही नाही’ म्हणेल. घरी जाता जाता, चहाच्या दुकानापाशी, त्याच्या पात्राविषयी बोलावे. पात्राचे गाऱ्हाणे सांगता सांगता माणूस आपले गाऱ्हाणे सांगून जातो.

खेळ छापणाऱ्या संस्थाही आता खेळणाऱ्यांचे मत घेतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती २०१४ साली निघाली, त्यापूर्वी दोन वर्षे तिचे कच्चे नियम लोकांना खेळावयास देऊन प्रश्नावलींच्या द्वारे मते मागविण्यात आली होती, भाग घेणाऱ्यांची संख्या लाखाच्या वर गेली. एवढ्या जनसमूहात बहुमत हाच मार्ग असतो. मेजाशी बसलेल्या पाच जणांत मात्र बहुमताचा न्याय पुरा पडत नाही. पाचांत एक नाखूष, हा आकडा प्रश्नावलीत वीस टक्के म्हणून दिसेल. मेजाशी ती एक रिकामी होऊ पाहणारी खुर्ची असते.

याचा अर्थ सूत्रधाराने प्रत्येक इच्छेपुढे मान तुकवावी असा नव्हे. जो सर्वांचे सर्व ऐकतो, त्याच्या जगाला कणा राहत नाही. ज्या किल्ल्याचा दरवाजा मागताक्षणी उघडतो, तो जिंकण्यात आनंद नसतो. काही वेळा ‘नाही’ म्हणावेच लागते. पण ते ऐकून घेतल्यानंतरचे ‘नाही’ असावे, त्याचे कारण सांगावे, आणि आपणही त्याच नियमाने बांधलेले आहोत हे दाखवावे. आर्नेसनच्या हिशेबात पात्र आणि राक्षस एकाच मापाने मोजले गेले, म्हणूनच तो खेळाडूंना मान्य झाला.

संस्कृत नाटकातील सूत्रधार नांदीनंतर रंगभूमीवर येतो, नटीशी चार शब्द बोलतो आणि नाटक पात्रांच्या हाती सोपवून निघून जातो. या नव्या खेळाच्या सूत्रधाराला निघून जाण्याची मुभा नाही. त्याला शेवटपर्यंत बसावयाचे असते. कथा त्याने आरंभिलेली असली, तरी ती कोठे जाणार हे समोरचे चार-पाच जण ठरवीत असतात, आणि दर शनिवारी ते पुन्हा येऊन बसतात की नाही, यावर तिचे पुढचे प्रकरण अवलंबून असते. वेस्ली त्या रात्री खिन्न होऊन घरी गेला होता. खेळाडूंनी ‘पुन्हा कधी?’ असे विचारले नसते, किंवा त्यांनी विचारलेले त्याने ऐकले नसते, तर ब्राउनश्टाइन गाव पहिल्या रात्रीनंतर कोणालाच आठवले नसते.